सर्टिफिकेट मिळतं, पण हाताला काम का मिळत नाही? आयटीआय आणि कौशल्य कोर्सवर वऱ्हाडातले विद्यार्थी नाराज का आहेत?

दहावीचा निकाल लागला की अमरावती आणि अकोला जिल्ह्यांतल्या अनेक घरांत एकच हिशेब मांडला जातो. इंजिनिअरिंग परवडत नाही, नुसती पदवी घेऊन नोकरीचा भरवसा नाही, शेतीवर सगळ्यांचं भागत नाही. त्यापेक्षा पोराला आयटीआयला टाकू, दोन वर्षांत कमावता होईल.

दोन वर्षांनी सर्टिफिकेट हातात येतं. मग कंपनीच्या गेटवर प्रश्न येतो, 'अनुभव किती?' आयटीआय असो, तीन महिन्यांचा कौशल्य कोर्स असो की चौकातल्या इन्स्टिट्यूटमधला कॉम्प्युटर कोर्स, विद्यार्थ्यांच्या नाराजीची सुरुवात बहुतेक वेळा याच प्रश्नापासून होते. ही नाराजी नेमकी कशावर आहे आणि विद्यार्थ्याच्या हातात काय आहे, ते पाहू.

हे कोर्स नेमके कोणते?

सगळ्यात जुनी वाट आयटीआयची, म्हणजे औद्योगिक प्रशिक्षण संस्थेची. केंद्र सरकारने १९५० मध्ये शिल्प कारागीर प्रशिक्षण योजना सुरू केली. अभ्यासक्रम केंद्राचं प्रशिक्षण महासंचालनालय ठरवतं, संस्था राज्याचं व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय चालवतं. त्याचं विभागीय कार्यालय अमरावतीत आहे आणि अकोला जिल्हाही त्याच विभागात येतो. इलेक्ट्रिशियन, फिटर हे ट्रेड दोन वर्षांचे, तर वेल्डर आणि कॉम्प्युटर ऑपरेटरचा 'कोपा' एका वर्षाचा.

दुसरी वाट कमी मुदतीच्या कोर्सची. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना १५ जुलै २०१५ रोजी सुरू झाली. महाराष्ट्रात १९ ऑक्टोबर २०२३ रोजी ५११ प्रमोद महाजन ग्रामीण कौशल्य विकास केंद्रांचं उद्घाटन झालं. २० सप्टेंबर २०२४ रोजी वर्ध्याच्या कार्यक्रमातून कॉलेजांमधल्या आचार्य चाणक्य कौशल्य विकास केंद्रांची सुरुवात झाली.

तिसरी वाट कॉम्प्युटर कोर्सची. २००१ मध्ये सुरू झालेला एमएस-सीआयटी गावोगाव पोहोचला, कारण अनेक सरकारी पदांसाठी तो चालतो. यापलीकडे हार्डवेअर-नेटवर्किंग, सीसीटीव्ही, मोबाइल रिपेअरिंग, वेब डिझाइन शिकवणारे खासगी क्लास आहेत.

प्रवेशाच्या वेळी हे सगळे 'सरकारमान्य' म्हणूनच समोर येतात. प्रत्यक्षात त्यांची मान्यता, तास आणि बाजारातली किंमत यांत मोठा फरक असतो.

पहिली नाराजी: मशीनवर हात बसत नाही

आयटीआयचा अभ्यासक्रम आधी वर्षाला १,६०० तासांचा होता. २०२२ च्या सुधारणेत तो १,२०० तासांवर आला. त्यातले ८४० तास पहिल्या वर्षी प्रात्यक्षिकासाठी आहेत, म्हणजे ७० टक्के वेळ वर्कशॉपमध्ये जायला हवा. याशिवाय १५० तास प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी किंवा गटाने करायच्या प्रकल्पासाठी ठेवले आहेत.

कागदावरचे हे तास विद्यार्थ्याच्या वाट्याला किती येतात, ते चालू मशीनच्या संख्येवर ठरतं. इलेक्ट्रिशियन किंवा फिटरच्या एका तुकडीत २० विद्यार्थी असतात. समजा चार तासांचं प्रात्यक्षिक आहे आणि वर्कशॉपमध्ये चारच मशीन चालू आहेत. एका मशीनवर पाच जण आले. प्रत्येकाच्या वाट्याला ४८ मिनिटं. उरलेला वेळ दुसऱ्याचं काम बघण्यात गेला. हजेरीत मात्र प्रत्येकाचे चार तास लागले.

शिल्पनिदेशकाचं पद रिकामं असेल किंवा तासिका तत्त्वावर भरलेलं असेल, तर ही ४८ मिनिटंही कमी होतात. कच्चा माल संपला, एखादी मोटर जळाली, दुरुस्तीची मंजुरी अडकली की प्रात्यक्षिकाचा तास वहीत आकृत्या काढण्यात जातो.

याउलट गॅरेजमध्ये किंवा वेल्डिंगच्या दुकानात उस्तादाच्या हाताखाली राहिलेला मुलगा दिवसभर कामच करतो. २०२३-२४ च्या आर्थिक पाहणी अहवालानुसार देशातल्या १५ ते २९ वयोगटातल्या फक्त ४.४ टक्के तरुणांनी औपचारिक व्यवसाय प्रशिक्षण घेतलेलं होतं. अनौपचारिक मार्गाने शिकलेले होते १६.६ टक्के. उस्तादाकडच्या मुलाला कागद मिळत नाही, आयटीआयच्या मुलाला सराव मिळत नाही. गेटवर दोघेही अडतात, कारणं वेगळी.

संस्था झपाट्याने वाढल्या, त्याचाही यात वाटा आहे. देशात २००७ मध्ये खासगी आयटीआय दोन हजारांच्या आत होत्या. २०१७ पर्यंत त्या दहा हजारांवर गेल्या. या वाढीत दर्जाकडे दुर्लक्ष झाल्याचा ठपका संसदेच्या कामगारविषयक स्थायी समितीने ठेवला होता.

दुसरी नाराजी: बॅच संपली, संबंध संपला

कमी मुदतीच्या कोर्समधली मोठी तक्रार नोकरीची. प्रवेशाच्या वेळी 'प्लेसमेंट देऊ' असं सांगितलं जातं, परीक्षा झाल्यावर फोन उचलला जात नाही.

याचं एक कारण पैशांच्या व्यवस्थेत आहे. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात केंद्र चालवणाऱ्या संस्थेला तीन हप्त्यांत रक्कम मिळायची. बॅच सुरू झाल्यावर ३० टक्के, विद्यार्थी प्रमाणित झाल्यावर ५० टक्के आणि नोकरी लागल्यावर उरलेले २० टक्के. म्हणजे एकालाही नोकरी लागली नाही, तरी ८० टक्के रक्कम मिळण्याची सोय होती. सध्याच्या चौथ्या टप्प्यात तर रक्कम आणि नोकरी यांचा संबंधच काढून टाकला आहे.

देशाच्या महालेखापरीक्षकांचा, म्हणजे कॅगचा, या योजनेवरचा अहवाल डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत मांडला गेला. त्यानुसार कमी मुदतीच्या प्रशिक्षणात प्रमाणपत्र मिळालेल्यांपैकी सुमारे ४१ टक्क्यांनाच काम मिळाल्याची नोंद होती. दुसऱ्या आणि तिसऱ्या टप्प्यातल्या ९४ टक्क्यांहून अधिक लाभार्थ्यांच्या बँक खात्याच्या रकान्यात शून्यं होती, निरर्थक नोंदी होत्या किंवा काहीच नव्हतं.

दोन्ही नाराजींचा धागा इथे जुळतो. यंत्रणा प्रवेश, हजेरी आणि प्रमाणपत्रं मोजते. विद्यार्थी मशीनवर किती तास होता आणि सहा महिन्यांनी कुठे काम करतोय, हे त्याच काटेकोरपणे मोजलं जात नाही. ज्याचे पैसे मिळतात आणि ज्याचा अहवाल वर जातो, तेच काम होतं.

तिसरी नाराजी: शिकताना खर्च, शिकल्यावर घर सोडणं

महाराष्ट्रात आयटीआयच्या पात्र विद्यार्थ्यांना कित्येक वर्षं महिन्याला ४० रुपये विद्यावेतन मिळत होतं. गावाहून ये-जा करणाऱ्याचा एका दिवसाचा खर्चही त्यात भागणं कठीण. २०२३ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ही रक्कम ५०० रुपये करण्याचा निर्णय घेतला.

कोर्स संपल्यावर पुढची पायरी शिकाऊ उमेदवारीची, म्हणजे अप्रेंटिसशिपची. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली ३० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना एकूण मनुष्यबळाच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणं बंधनकारक आहे. ४ ते २९ कामगार असतील तर ते ऐच्छिक आहे.

वऱ्हाडात गाडी इथेच अडते. अकोल्याच्या एमआयडीसीत डाळ मिल, तेल मिल आणि कापसावर चालणारे उद्योग आहेत. यातलं बरंच काम हंगामी असतं आणि कायम कामगार मोजके. अशा अनेक युनिटना कायद्याची सक्ती लागूच होत नाही. अमरावतीजवळ नांदगाव पेठच्या एमआयडीसीत कापड उद्योग आले आणि तिथल्या पीएम मित्रा टेक्स्टाइल पार्कची पायाभरणी २० सप्टेंबर २०२४ रोजी झाली. पण पायाभरणी ते नोकरभरती हे अंतर मोठं असतं आणि आज पास होणारी बॅच तोवर थांबू शकत नाही.

त्यामुळे मुलं बुटीबोरी, वाळूज, चाकण, रांजणगाव गाठतात. २०१९ च्या नियमांप्रमाणे आयटीआय झालेल्या शिकाऊ उमेदवाराचं किमान विद्यावेतन सात-आठ हजारांच्या घरात होतं. चाकणला खोलीचं भाडं आणि मेस भागवून त्यातून घरी काय पाठवणार? मुलींच्या बाबतीत अनेक घरं ही वाट सुरुवातीलाच बंद करतात.

राज्याने २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आणली. बारावी झालेल्यांना ६ हजार, आयटीआय किंवा पदविकाधारकांना ८ हजार आणि पदवीधरांना १० हजार रुपये महिना. मुदत आधी सहा महिने होती, नंतर ती अकरा महिने झाली. मुदत संपल्यावर 'आता पुढे काय' म्हणत प्रशिक्षणार्थी राज्यभर आंदोलनात उतरले. प्रश्न तोच होता, प्रशिक्षण संपतं तिथे रस्ताही संपतो.

प्रवेश घेण्याआधी काय तपासायचं?

• मान्यता ट्रेडची बघा. आयटीआयला संलग्नता ट्रेड आणि तुकडीनुसार मिळते. संस्थेला मान्यता आहे म्हणून तिथला प्रत्येक ट्रेड मान्य असतोच असं नाही.

• कोर्सची नोंद शोधा. कमी मुदतीचा कोर्स राष्ट्रीय अर्हता नोंदवहीत आहे का आणि प्रमाणपत्र कोणती संस्था देणार, हे ऑनलाइन बघता येतं.

• वर्कशॉप चालू असताना जा. मशीन किती आहेत यापेक्षा चालू किती आहेत आणि एकावर किती मुलं आहेत, ते बघा. शिकवणारे निदेशक कायम आहेत की तासिकेवर, हेही विचारा.

• मागच्या बॅचशी बोला. फलकावरच्या फोटोंपेक्षा आदल्या वर्षीच्या चार-पाच मुलांना विचारलेलं बरं.

• आश्वासन लेखी घ्या. फीची पावती, कोर्सचे एकूण तास, मध्येच सोडल्यास परतावा आणि नोकरीबद्दलचं वचन कागदावर हवं. जाहिरातीचा फोटो किंवा स्क्रीनशॉट जपून ठेवा. कोचिंगच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींबाबत केंद्राने १३ नोव्हेंबर २०२४ रोजी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यात नोकरीच्या हमीसारख्या खोट्या दाव्यांना मनाई आहे.

तक्रार कुठे करायची?

आयटीआयबद्दल असेल तर आधी प्राचार्यांकडे लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. दाद लागली नाही तर अमरावतीतल्या विभागीय सहसंचालकांकडे जाता येतं. कौशल्य केंद्राबद्दल असेल तर जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राकडे. केंद्राच्या योजनेतल्या कोर्ससाठी 'सीपीग्राम्स' हे सरकारी तक्रार पोर्टल आहे. खासगी क्लासच्या फसव्या जाहिरातीसाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे.

तक्रार मोघम नको. 'शिकवत नाहीत' असं लिहिलं तर उत्तर येतं की अभ्यासक्रम पूर्ण झाला आहे. 'अमुक तारखेपासून अमुक मशीन बंद, इतकी प्रात्यक्षिकं झाली नाहीत' असं लिहिलं तर उत्तर देणं भाग पडतं. तुकडीतल्या सगळ्यांनी मिळून सही केली तर एकट्यावर रोषही येत नाही.

सरकारी संस्थेसाठी माहितीच्या अधिकाराचाही वापर होतो. २००५ च्या कायद्याखाली १० रुपये शुल्क भरून चालू मशीन, रिक्त पदं आणि मागच्या तीन बॅचमधले किती जण कामाला लागले, हे विचारता येतं. साधारण ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

पुढे काय?

केंद्राने ४ ऑक्टोबर २०२५ रोजी 'पीएम सेतू' योजना सुरू केली. ६० हजार कोटी रुपये खर्चून देशातल्या १,००० सरकारी आयटीआय सुधारायच्या आहेत. २०० मोठ्या संस्था केंद्रस्थानी आणि ८०० संस्था त्यांना जोडलेल्या, अशी रचना आहे.

या पैशातून नवी मशीन येतील. ती वर्षभर चालू राहिली का, त्यावर शिकवायला निदेशक होते का आणि तुकडीतल्या विसांपैकी किती जण सहा महिन्यांनी कामावर होते, हे तीन आकडे प्रत्येक संस्थेच्या फलकावर लागले, तर पुढच्या जूनमध्ये अमरावती-अकोल्यातल्या घरांचा हिशेब बराच सोपा होईल.