रिकाम्या हौद्याची शर्यत

मंडळी, आजचा विषय पाहून नात्यातले काही नेमाने वाचणारे 'आता हे काय नवीन?' म्हणणार याची मला खात्री आहे. थोडा धीर धरा. विषय ट्रकच्या शर्यतीचा आहे खरा, पण त्यातून एखादी कामाची वस्तू हौसेची झाली की तिचं काय होतं, हे फार छान कळतं.

आधी एक खुलासा. आपल्याकडे ट्रक म्हटलं की घाटात कण्हत चढणारा, पाठीवर 'हॉर्न ओके प्लीज' मिरवणारा गडी डोळ्यासमोर येतो. अमेरिकेत बोलीभाषेत ट्रक म्हणजे बहुतेक वेळा पिकअप. पुढे केबिन, मागे उघडा हौदा. शेतकरी, सुतार, प्लंबर यांची रोजची गाडी. आणि ड्रॅग स्ट्रिप म्हणजे पाव मैलाचा, म्हणजे ४०२ मीटरचा नाकासमोर सरळ रस्ता. दोन गाड्या शेजारी शेजारी उभ्या राहतात, दिवे लागतात आणि सुटायचं. ना वळण, ना डावपेच. शेवटी हातात एक चिठ्ठी मिळते. तिच्यावर किती सेकंद लागले ते असतं आणि रेषा ओलांडताना वेग किती होता तेही असतं. हे दोन आकडे वेगळे आहेत, एवढं लक्षात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

हा खेळ दुसऱ्या महायुद्धानंतर कॅलिफोर्नियात फोफावला. युद्धावरून परतलेले तरुण, स्वस्तात मिळणाऱ्या जुन्या गाड्या आणि हातात आलेली यंत्रविद्या. रात्री भर रस्त्यात शर्यती लागायच्या, माणसं मरायची. १९५० साली सांता आना इथल्या विमानतळाच्या धावपट्टीवर पैसे घेऊन रीतसर शर्यती सुरू झाल्या. १९५१ मध्ये वॉली पार्क्स यांनी नॅशनल हॉट रॉड असोसिएशन स्थापन केली. हेतू सरळ होता. पोरं शर्यत लावणारच आहेत, तर निदान रस्त्यावर नको, नियमात लावू देत. मला हा विचार फार शहाणपणाचा वाटतो. आजही त्या संघटनेच्या नियमांप्रमाणे १३.९९ सेकंद किंवा त्याहून कमी वेळ काढणाऱ्याला हेल्मेट सक्तीचं असतं.

आता या स्ट्रिपवर कुणी पिकअप घेऊन आला तर त्याची पहिली अडचण कोणती? इंजिनाची ताकद? नाही. अडचण आहे ती रिकाम्या हौद्याची.

पिकअपची सगळी रचना ओझ्यासाठी केलेली असते. मागचे कमानपाटे जाड, कारण त्यांच्यावर माल येणार. पण हौदा रिकामा असला की बहुतेक वजन पुढे, इंजिनावर आणि केबिनवर. ढकलायचं काम मात्र मागच्या चाकांकडे. अशा गाडीत दणकट इंजिन बसवून ॲक्सिलरेटर दाबलात तर मागची चाकं जागच्या जागी गरगर फिरतात, धूर निघतो आणि शेजारची गाडी निघून जाते. तिकडे हिवाळ्यात बर्फावर चाक घसरू नये म्हणून लोक हौद्यात वाळूची पोती टाकतात. शर्यतीत तीही पंचाईत, कारण पोत्यांनी पकड येते पण वजन वाढून वेळ जातो. म्हणजे ओझं नसेल तर गाडी धड धावत नाही, आणि ओझं असेल तर जिंकत नाही! ट्रक वेगवान करण्याचा सगळा इतिहास या पेचाभोवती फिरतो, असं मला वाटतं.

या पेचाचं सगळ्यात गमतीदार उत्तर १९६० च्या दशकात डॉजच्या काही इंजिनिअरांनी काढलं. त्यांनी ए-१०० नावाचा छोटा, चपट्या नाकाचा पिकअप घेतला आणि ४२६ हेमी हे कंपनीचं शर्यतीचं दांडगं इंजिन थेट केबिनच्या मागे बसवलं. ओझं हवं ना मागे? घ्या, इंजिनच ओझं! गाडीचं नाव लिटल रेड वॅगन. पण उत्तर जरा जास्तच बरोबर निघालं. सुटता क्षणी सगळा भार मागे गेला आणि पुढची दोन्ही चाकं हवेत. घोडं मागच्या पायांवर उभं राहावं तशी. शर्यत जिंकायला बनवलेली गाडी शर्यतीच्या कामाची उरली नाही. पण प्रेक्षक वेडे झाले. मग बिल 'मॅव्हरिक' गोल्डन यांनी तीच गाडी मागच्या दोन चाकांवर स्ट्रिपभर पळवून दाखवत वर्षानुवर्षं लोकांची करमणूक केली. हौदा होता, पण त्यात आता पोतंभर कांदेही ठेवता आले नसते.

दुसरं उत्तर यंत्रशाळेतून नव्हे, कायद्याच्या पुस्तकातून आलं. १९७० च्या स्वच्छ हवा कायद्यानंतर, १९७५ पासून अमेरिकेतल्या बहुतेक मोटारींना धूर गाळणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लावावा लागला. त्यात मोटारींची इंजिनं मवाळ झाली. पण जड वजनगटातल्या ट्रकना सूट होती. तो बिचारा कष्टकऱ्याची गाडी, त्याला कशाला त्रास, असा त्यामागचा भाव. डॉजने १९७८ मध्ये नेमक्या या फटीतून लिल रेड एक्स्प्रेस काढला. लाल रंग, हौद्याला लाकडी पट्ट्या, केबिनमागे उभे दोन चकचकीत सायलेन्सर, ५.९ लिटरचं २२५ अश्वशक्तीचं इंजिन आणि कन्व्हर्टर नाही. 'कार अँड ड्रायव्हर' मासिकाच्या चाचणीत शून्यापासून ताशी १०० मैल गाठण्यात त्याने त्या वेळच्या अमेरिकी मोटारींना मागे टाकलं. पुढच्याच वर्षीच्या मॉडेलला कन्व्हर्टर लागला. मजा संपली.

इथे मला जरा थांबावंसं वाटतं. शर्यतीत जो रिकामा हौदा अडचणीचा होता, तोच कायद्यात फायद्याचा ठरला. सूट दिली होती ती ओझ्यासाठी. घेतली ती ओझं नसणाऱ्यांनी.

तिसरं उत्तर १९९१ चं, जीएमसी सायक्लोन. छोटा काळा पिकअप, ४.३ लिटरचं व्ही-६ इंजिन, त्याला टर्बोचार्जर, २८० अश्वशक्ती. खरी मेख वेगळीच होती. ताकद मागच्या दोन चाकांऐवजी चारही चाकांना वाटली होती. पकडीचा प्रश्नच मिटला. 'कार अँड ड्रायव्हर'ने त्याला चक्क फेरारी ३४८ शेजारी उभा केला. पाव मैलाला सायक्लोनला १४.१ सेकंद लागले, फेरारीला १४.५. आता ते चिठ्ठीवरचे दोन आकडे आठवा. रेषा ओलांडताना वेग फेरारीचा जास्त होता, तरी आधी पोचला ट्रक. कारण शर्यत सुटतानाच, पहिल्या काही फुटांत जिंकली गेली होती. शेवटचा वेग इंजिनाचं बळ सांगतो, सेकंद मात्र बळ जमिनीला किती लागलं ते सांगतात. माणसांच्या बाबतीतही हे खरं असावं, पण ते असो.

या सायक्लोनच्या हौद्यात जास्तीत जास्त किती माल चालायचा? ५०० पौंड, म्हणजे २२७ किलो. तीन धष्टपुष्ट काका बसले की संपलं! आपल्या बैलगाडा शर्यतीतला हलका छकडा आठवतो. तोही गाडाच, पण त्यात कुणी ऊस भरत नाही.

१९९९ मध्ये फोर्डच्या एफ-१५० लाइटनिंगला सुपरचार्जर आला, ३६० अश्वशक्ती, २००१ मध्ये ३८०. यात गॅरेजवाल्या हौशी मंडळींना सोपी युक्ती सापडली. सुपरचार्जरची पुली लहान लावा, तो जोरात फिरतो, इंजिनात जास्त हवा कोंबतो. मग जास्त इंधन हवं, मग चांगले टायर हवेत, मग मागचा एक्सल पिळवटू नये म्हणून दांडे हवेत. एक बदल दुसऱ्याला बोलावतो. घराचं रंगकाम काढलेल्यांना हे समजावून सांगायला नको.

इथवर सगळी हौसच होती, आणि हौसेबद्दल माझी तक्रार नाही. स्वतःच्या हाताने खोललेली, जोडलेली गाडी चिठ्ठीवर एक दशांश सेकंद कमी दाखवते, तेव्हाचा आनंद खरा असतो. ती चिठ्ठी खोटं बोलत नाही.

पण ती सगळंही सांगत नाही. डिझेल पिकअपच्या हौशी मंडळींनी ताकदीसाठी धूर गाळणारी यंत्रणाच काढून टाकायला सुरुवात केली. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने २०२० मध्ये अंदाज दिला, की मागच्या दशकभरात साडेपाच लाखांहून अधिक डिझेल पिकअपवरून ही यंत्रणा काढली गेली. यातले स्ट्रिपवर जाणारे थोडेच, बाकीचे रोज शाळेसमोरून, दवाखान्यासमोरून जाणारे. सूट मिळाली नाही, म्हणून आता फट हातानेच पाडली.

वॉली पार्क्स यांच्या पिढीने धोका रस्त्यावरून उचलून स्ट्रिपवर नेला होता. जो खेळेल त्याने जोखीम घ्यावी, येणाऱ्याजाणाऱ्याने नाही, हा तो सौदा होता. इंजिन हौद्यात बसवा, चार चाकं फिरवा, पुल्या बदला, हौदा कायमचा रिकामा ठेवा, सगळं त्या सौद्यात बसतं. धूर मात्र बसत नाही. हौद्यातून उतरवलेलं ओझं कुठे नाहीसं होत नाही, मंडळी. कुणीतरी ते वाहतच असतं. ते आपण न विचारता दुसऱ्याच्या छातीवर ठेवलं, तर चिठ्ठीवरचे सेकंद आपले कसे म्हणायचे?