मसीहविषयीचा एक जुना वाद आणि खलिफाचा दरबार

‘येशू ख्रिस्त’ म्हणा अथवा ‘ईसा मसीह’ म्हणा, दोहोंतील दुसऱ्या शब्दाचा अर्थ एकच आहे. हिब्रू भाषेतील ‘माशियाह’ म्हणजे अभिषेक केलेला. ग्रीकांनी त्याचे भाषांतर ‘ख्रिस्तोस’ असे केले व अरबीत तो ‘अल्-मसीह’ झाला. कुरआन शरीफमध्ये हजरत ईसा अलैहिस्सलाम यांना हीच पदवी आहे. मग आपला आणि ख्रिस्ती शेजाऱ्यांचा मतभेद कोठे आहे? तो पदवीविषयी नाही. ती धारण करणारे कोण होते, याविषयी आहे. ख्रिस्ती लोक त्यांना संपूर्ण मानव व त्याच वेळी ईश्वर मानतात. आपण त्यांना अल्लाहचे बंदे व रसूल मानतो. हा मतभेद खरा आहे आणि गोड बोलून तो मिटणारा नाही. तथापि ज्या श्रद्धेशी आपले जमत नाही ती नेमकी काय आहे, हे जाणणारे आपल्यात थोडेच. ‘ख्रिस्ती लोक देवाला बायको-मूल आहे असे मानतात’ हे विधान मी शिकल्यासवरल्या पालकांच्या तोंडून ऐकले आहे, आणि मुले तेच शाळेत जाऊन बोलतात.

वास्तविक या प्रश्नाने खुद्द ख्रिस्ती पंडितांनाच शतकानुशतके छळले. अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू अरियस म्हणत असे की, पुत्र हा निर्माण केलेला आहे, पिता तेवढा अनादि. सम्राट कॉन्स्टंटाईनने इ. स. ३२५ मध्ये निकिया येथे (आजच्या तुर्कस्तानातील इझनिक) बिशपांची परिषद भरवली व अरियसचे मत फेटाळले गेले. पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा आहे, असे ठरले. पण त्यातून नवाच पेच निघाला. जो ईश्वर आहे त्याला भूक कशी लागते, थकवा कसा येतो, मरण कसे येते? कॉन्स्टँटिनोपलचा प्रमुख धर्मगुरू नेस्टोरियस म्हणू लागला की, मरियमला ‘ईश्वराची माता’ म्हणू नये, ‘ख्रिस्ताची माता’ म्हणावे. अलेक्झांड्रियाचा सिरिल त्याच्यावर तुटून पडला. ४३१ साली इफिसस येथील परिषदेत नेस्टोरियस दोषी ठरला आणि पुढे इजिप्तमध्ये हद्दपारीत वारला. या भांडणात धर्मनिष्ठा किती आणि दोन शहरांची चुरस किती, हे सांगणे अवघड आहे.

अखेर ४५१ साली कॅल्सिडन येथे सूत्र ठरले: मसीह ही व्यक्ती एक, स्वभाव दोन, एक ईश्वरी व एक मानवी. ते दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत आणि एकमेकांपासून सुटेही होत नाहीत. आपल्याकडे हे ऐकून अवताराची आठवण होते. पण ख्रिस्ती मत तसे नाही. त्यांच्या मते हे इतिहासात एकदाच घडले, आणि ते मानवपण सोंग नव्हते. हे सूत्रही सर्वांना पटले नाही. इजिप्तचे कॉप्ट, सिरियातील पुष्कळ लोक व आर्मेनियन वेगळे झाले.

विद्यार्थी मित्रांनी येथून पुढे विशेष लक्ष द्यावे. ४८९ साली सम्राट झेनोने एडेसा येथील विद्यापीठ नेस्टोरियसच्या बाजूचे म्हणून बंद केले. तेथील अध्यापक सरहद्द ओलांडून इराणी राज्यातील निसिबिस येथे गेले, आणि बरोबर ग्रीक विद्या घेऊन गेले. इराणी राज्यात त्यांचे पूर्वेकडील चर्च वाढले, व्यापाऱ्यांबरोबर केरळपर्यंत पोहोचले. (कोल्लम येथील ८४९ सालच्या ख्रिस्ती चर्चच्या ताम्रपटावर अरबी लिपीत सह्या करणारे साक्षीदारही आहेत!) पुढे अब्बासी खलिफांनी बगदाद वसवले तेव्हा ही विद्वान मंडळी तेथे होतीच.

या चर्चचे प्रमुख पहिले तिमोथी यांना खलिफा अल-महदी यांनी सुमारे ७८२ साली दरबारात प्रश्न विचारले. दोन दिवस संवाद चालला. पहिलाच प्रश्न हा होता की, तुमच्यासारखा जाणता माणूस ईश्वराने पत्नी केली व तिच्यापासून पुत्र झाला असे कसे म्हणतो? म्हणजे आपले पालक आज बोलतात तेच! तिमोथींनी उत्तर दिले की, असे कोणी म्हटले तर ती ईश्वरनिंदाच होईल. आम्ही ‘पुत्र’ म्हणतो तो सूर्यापासून किरण अथवा आत्म्यापासून शब्द निघावा तसा. खलिफांना ते पटले नाही. पटण्याचे कारणही नव्हते. पण प्रश्न विचारला गेला, उत्तर ऐकले गेले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा बैठक झाली. हा वृत्तान्त तिमोथींनी स्वतः सुरयानी पत्रात लिहिलेला आहे, त्यामुळे तो त्यांच्या बाजूने झुकलेला असणार हे धरूनच वाचावा. तरी त्यांच्या तोंडचा एक दाखला विसरता येत नाही. अंधाऱ्या घरात मोती पडला आहे, प्रत्येकाला वाटते तो आपल्याच हाती आला. कोणाच्या हाती मोती व कोणाच्या हाती खडा, हे उजाडल्यावर कळेल.

याच खलिफांनी तिमोथींकडून ॲरिस्टॉटलचा ‘टोपिका’ हा वादविवादाच्या शास्त्राचा ग्रंथ अरबीत करवून घेतला. त्यावरील टीका हव्या होत्या. त्या मोसूलजवळच्या मार मत्ताई मठात असतील असे तिमोथींना वाटले. मठ मात्र विरोधी ख्रिस्ती पंथाचा. म्हणून ते एका स्नेह्याला लिहितात की, चौकशी आडून करा, हेतू कळला तर ग्रंथ दडवतील. मुसलमान खलिफापेक्षा ख्रिस्ती भाऊबंदांची धास्ती अधिक! पुढे याच पूर्वेकडील चर्चच्या हुनैन इब्न इसहाक (८०९–८७३) यांनी गॅलनचे वैद्यकग्रंथ सुरयानी व अरबीत आणले आणि ते आपल्या हकिमांपर्यंत पोहोचले.

इफिससला पडलेली फूट मात्र तशीच राहिली. ११ नोव्हेंबर १९९४ रोजी रोममध्ये पोप दुसरे जॉन पॉल आणि पूर्वेकडील चर्चचे प्रमुख चौथे मार दिनखा यांनी एका संयुक्त निवेदनावर सह्या केल्या. ‘ईश्वराची माता’ आणि ‘ख्रिस्ताची माता’ हे दोन्ही शब्द एकाच श्रद्धेचे आहेत, असे त्यात मान्य झाले. नेस्टोरियसला दोषी ठरवून तेव्हा १५६३ वर्षे झाली होती.