शरणपूरचे विस्मृत विद्यार्थी

इंग्रजी विद्येचा इतिहास सांगतांना आम्ही रानडे-चिपळूणकरांपाशीं थांबतों. परंतु आमच्या लासलगांवच्याच जिल्ह्यांत, नाशिकनजीक शरणपूर येथें, एकोणिसाव्या शतकांत गुलामांच्या गलबतांतून सोडविलेलीं आफ्रिकी मुलें मिशनच्या आश्रयास राहून इंग्रजी शिकत होतीं. याओ जमातीचा जेकब वेनराइट हा त्यांपैकींच एक. १८७३ सालीं लिव्हिंग्स्टन वारला, तेव्हां त्याच्या हृदयाच्या दफनप्रसंगीं प्रार्थना वाचली ती वेनराइटनें. झाडावरील स्मृतिलेखही त्यानेंच कोरला. १८७४ मध्यें वेस्टमिन्स्टर ॲबींत शवपेटिकेबरोबर चालणाऱ्या मानकऱ्यांत तो होता. मायदेशास व मायबोलीस मुकलेल्या पोरांनीं ही परकी भाषा कमावली होती. त्यांस वगळून केलेली आमच्या इंग्रजी शिकणारांची गणना अपुरीच म्हटली पाहिजे.