पालखीबाहेरची पुस्तके

बेळगावात अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन आजवर तीनदा भरले. १९२९ साली 'काळ'कर्ते शिवराम महादेव परांजपे अध्यक्ष होते, १९४६ साली ग. त्र्यं. माडखोलकर आणि २००० साली य. दि. फडके. पैकी माडखोलकरांच्या संमेलनाचे नाव सीमाभागात आजही निघते, कारण संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीला संघटित रूप मिळाले ते त्याच मांडवात. त्यावर पुष्कळ लिहून झाले आहे आणि अधिकारी माणसांनी लिहिले आहे. मला सांगायचे आहे ते जरा कडेचे. या अध्यक्षांच्या लांबलचक यादीत केवळ रहस्यकथेवर नाव मिळवलेला एकही लेखक नाही. विज्ञानकथेला तो मान २०२१ साली नाशिकला जयंत नारळीकरांच्या रूपाने मिळाला, आणि तो योग्यच होता. रहस्यकथा मात्र मांडवाबाहेर, पुस्तकांच्या गाळ्यांपाशीच उभी राहिली.

वास्तविक १९४६ साली, वर संयुक्त महाराष्ट्राचा ठराव होत असताना, मराठी माणसाच्या हातात कोणते पुस्तक होते? बाबूराव अर्नाळकरांचे. मूळ नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. झुंजार, काळापहाड, धनंजय ही त्यांची माणसे त्या काळच्या पोरांना नात्यातल्यासारखी वाटत. हजाराहून अधिक रहस्यकथा या एका माणसाने लिहिल्या. १९९६ साली ते गेले. त्यांच्याही आधी गो. ना. दातारशास्त्र्यांनी रेनॉल्ड्सच्या इंग्रजी कादंबऱ्यांना असा काही मराठी वेश चढवला होता, की त्या परक्या आहेत हे वाचकाच्या ध्यानीही येऊ नये. पुढे भालबा केळकरांनी शेरलॉक होम्स मराठीत आणला, गुरुनाथ नाईकांनी हजाराच्या घरात कादंबऱ्या लिहिल्या, सुहास शिरवळकरांनी कॉलेजातली पिढी वेडी केली. समीक्षकांनी या साऱ्यांना एका वाक्यात आटोपले, 'लोकप्रिय, पण...' असे म्हणून. त्या 'पण'च्या पुढचे वाक्य पुरे करण्याचे कष्ट फार थोड्यांनी घेतले.

सीमाभागात या पुस्तकांनी काय काम केले हे मुंबई-पुण्याच्या समीक्षकाला कळण्यासारखे नाही. आमच्या हिंडलग्यातले आमचे घर घ्या. माझी आत्या चौथीपर्यंत शिकली. पुढे शाळा नाही, वर्तमानपत्र शेजारच्या दुकानात, पोथी चातुर्मासात. तिचे वाचन टिकले ते केवळ अर्नाळकरांमुळे. बेळगावचे सार्वजनिक वाचनालय १८४८ सालचे. तिथून काका पुस्तक आणीत आणि ते घरातून गल्लीत, गल्लीतून पुन्हा घरात असे फिरून, पाने सुटी होऊनच परत जाई.

आमच्या परसाला लागून एका कानडी कुटुंबाचे परसू होते. तिथली अक्का एन. नरसिंहय्यांच्या कादंबऱ्या वाची. हे नाव आमच्या मराठी वाचकांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल, म्हणून चार शब्द लिहितो. नरसिंहय्या हे कानडीतल्या गुप्तहेरकथेचे आद्य लेखक मानले जातात. स्वतः जेमतेम चौथी शिकलेले, पोटासाठी पडेल ते काम केलेले. त्यांचा 'पत्तेदार पुरुषोत्तम' १९५२ च्या सुमारास आला. पत्तेदार म्हणजे गुप्तहेर. पुढे पाचशेच्या वर कादंबऱ्या त्यांनी लिहिल्या. २०११ साली ते वारले. कानडी माणसाला पुस्तक विकत घ्यायला त्यांनी शिकवले असे तिकडे म्हणतात, आणि कानडी समीक्षेनेही बराच काळ त्यांना दाराबाहेरच ठेवले. म्हणजे अर्नाळकरांचीच कथा, फक्त लिपी वेगळी.

आत्या आणि अक्का दुपारी भांडी घासताना भिंतीच्या अलीकडून पलीकडून एकमेकींना कथा सांगत. अर्धी मराठी, अर्धी कानडी, मध्येच हातवारे. झुंजार आणि पुरुषोत्तम यांच्यात जास्त हुशार कोण यावर त्यांचा वाद होई. बाहेर रस्त्यावर पाट्यांवरून आणि शाळांवरून दुसराच वाद चालू असे. १९८६ च्या जूनमध्ये याच हिंडलग्यात गोळ्या चालल्या, माणसे गेली. त्या दिवसाची आठवण गावात सांगावी लागत नाही. त्या आठवड्यात भिंतीवरून एक शब्द झाला नाही. पुढच्या आठवड्यात अक्कानेच आधी विचारले, "मग त्या तिजोरीचं काय झालं हो, वैनी?"

जाता जाता एक गोष्ट. मराठी रहस्यकथेतला गुन्हेगार पकडला गेला की लेखक त्याला वर्तुळातून बाहेर काढतो आणि वाचक सुटकेचा श्वास टाकतो. हिंडलग्याच्या वाचकाला ती सोय नाही. फाशीची व्यवस्था असलेला कर्नाटकातला तुरुंग आमच्याच गावात आहे. त्या भिंतीवरून रोज जाणाऱ्या माणसाला 'खुनी सापडला' या वाक्याशी गोष्ट संपली असे वाटत नाही. मी लिहू लागलो तेव्हा माझ्या कथा शेवटाकडे रेंगाळतात अशी संपादकांची तक्रार असे. त्याचे कारण हे असावे.

परदेशी रहस्यलेखकांनी मोठ्या मांडवाची वाट पाहिली नाही. १९३० साली लंडनमध्ये त्यांनी स्वतःचा डिटेक्शन क्लब काढला. चेस्टरटन पहिले अध्यक्ष. नव्या सभासदाला कवटीवर हात ठेवून शपथ घ्यावी लागे, की माझा गुप्तहेर दैवी साक्षात्काराने किंवा निव्वळ योगायोगाने गुन्हेगार शोधणार नाही आणि वाचकापासून महत्त्वाचा धागा मी लपवणार नाही. गंमत म्हणून केलेला प्रकार, पण शपथ अगदी कामाची. अमेरिकेत १९७० साली सँटा मोनिका येथे अँथनी बाउचर या समीक्षकाच्या स्मरणार्थ 'बाउचरकॉन' हे रहस्यकथेचे संमेलन सुरू झाले. तिथे लेखकाइतकाच वाचकाला मान. मराठीत असे खास संमेलन रुजले नाही. आमच्या वाट्याला आली ती ग्रामीण संमेलने, आणि माझ्या मते आमचे त्यात काही बिघडले नाही.

कडोली, उचगाव, येळ्ळूर, सांबरा, कुद्रेमनी ही नावे या अंकाच्या वाचकांना नवी नाहीत. दिवाळी सरली, सुगी आटोपली की रविवार पाहून ही संमेलने भरतात. सकाळी ग्रंथदिंडी, मग उद्घाटन आणि अध्यक्षीय भाषण, दुपारी गावजेवण, नंतर कथाकथन, शेवटी कविसंमेलन. वर्गणी गावाची, भाकरी घराघरांतली. अशाच एका संमेलनात मला प्रथम लेखक म्हणून बोलावणे आले. दिंडीच्या पालखीत ज्ञानेश्वरी होती, तुकोबांची गाथा होती. माझी पुस्तके पालखीमागून चालणाऱ्या एका मुलाच्या पिशवीत होती, विक्रीसाठी. सूत्रसंचालकांनी 'मनोरंजनपर लेखन करणारे' अशी माझी ओळख करून दिली. त्यांच्या स्वरात समजूत घातल्यासारखे काहीतरी होते. असो.

कथाकथन हा प्रकार शंकर पाटील, मिरासदार आणि माडगूळकर यांनी महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत नेला. पण त्यांच्या कथेला हशा आणि हुंदका पुरे. रहस्यकथा सांगणे निराळे. वाचक शंका आली तर चार पाने मागे जाऊ शकतो, श्रोत्याला मागे जाता येत नाही. धागा असा टाकावा लागतो की तो ऐकू यावा, लक्षात राहावा आणि तरी धागा म्हणून कळू नये. मी निपाणीच्या तंबाखूच्या वखारीतल्या खुनाची कथा सांगितली. त्यात 'दहा वर्षे वखारीतच काम करतोय' असे सांगणारा एक माणूस जबानी देता देता शिंकतो. मी ती शिंक अशी काही दिली की मांडव हसला. हसला तो फसला, हे आमचे जुने तंत्र. शेवटाच्या अलीकडे थांबून मी विचारले, "सांगा, खुनी कोण?"

मांडव गप्प. मास्तर लोक एकमेकांकडे बघू लागले. इतक्यात बायकांच्या बाजूने एक म्हातारी उभी राहिली. निपाणीकडची, लेकीच्या गावी आलेली. म्हणाली, "शिकला तो. दहा वर्सं वखारीत हाय म्हंतोय आनि शिकतोय? आमी जलमभर तंबाकू चाळली, पयल्या म्हयन्यानंतर कोन शिकत न्हाई बाबा!" माझी कथा तिथेच संपली आणि टाळ्या तिला पडल्या. डिटेक्शन क्लबच्या शपथेची खरी परीक्षा ती होती: धागा लपवलेला नव्हता, फक्त तो ओळखायला तंबाखू चाळलेले हात हवे होते. त्यानंतरच्या परिसंवादात 'सीमाभागातील मराठीचे भवितव्य' हा विषय होता. वक्ते तळमळीने बोलले, पण त्या बाईइतके मराठी कोणी ऐकले नाही.

त्या विषयाची चिंता मलाही आहे. आमच्या गल्लीतली मुले घरात मराठी बोलतात, शाळेत कानडी किंवा इंग्रजी शिकतात. देवनागरी त्यांना हिंदीमुळे येते. कानडी शाळेतल्या मुलाला 'ळ'सुद्धा अडत नाही, तो कानडीतही आहे. अडते ते सलग वाचणे. अर्धे पान झाले की ती दमतात. अशा मुलाच्या हाती थोर ग्रंथ द्यावा असे सांगणारे पुष्कळ भेटतात. मी त्याला विचारतो, पहिल्या पानावर प्रेत आहे, चालेल का? आजवर एकानेही नाही म्हटलेले नाही.

संमेलन उठल्यावर पिशवीवाला मुलगा हिशेब घेऊन आला. सात प्रती गेल्या होत्या. आठवी एक शाळकरी मुलगी हाताळत होती. कानडी माध्यमातली, सहावीतली. शीर्षक तिने अक्षर अक्षर लावून वाचले आणि मग सरळ शेवटचे पान उघडले. तिच्या आईने पुस्तक तिच्या हातातून काढून मिटले, पैसे दिले आणि म्हणाली, "पहिल्यापासनं वाच. रोज दोन पानं. मलाबी वाचून दाखव, मी काय शेवट सांगायची नाही."