ज्ञानकोश आणि ‘कशावरून?’चा धडा

संपाच्या दिवसांत कामगार चळवळीतल्या माणसाला एक धडा लवकर मिळतो. ‘अमक्या खात्यातले लोक कामावर गेले’ अशी बातमी सकाळपासून दहाजण सांगत येतात. प्रत्येकाला ‘तुला कोणी सांगितले?’ असे विचारत मागे गेले, की शेवटी एकच माणूस सापडतो, आणि त्यानेही ती फाटकाबाहेर ऐकलेलीच असते. तोंडे दहा झाली म्हणून साक्षी दहा होत नाहीत. आज शाळेतल्या मुलाच्या हातातल्या फोनवर एकच गोष्ट हजार तोंडांनी येते. तेव्हा हा धडा त्याला कोठे मिळावा? माझ्या मते, ज्ञानकोशात.

डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांचा जन्म १८८४ साली रायपूरला झाला. म्हणजे आपला चांदा जिल्हा ज्या मध्यप्रांतात होता, त्याच प्रांतात. ज्ञानकोश मंडळाचा प्रारंभ त्यांनी नागपुरास केला. पुढे ते काम पुण्यास गेले आणि तेवीस खंडांचा महाराष्ट्रीय ज्ञानकोश १९२० च्या दशकात बाहेर पडला. गावोगाव हिंडून वर्गणीदार मिळवावेत आणि त्यांच्या बळावर पुढचा खंड काढावा, असा तो उद्योग होता. महाराष्ट्र राज्य झाल्यावर तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली वाईस मराठी विश्वकोशाचे काम उभे राहिले. या दोन्ही कामांचे ऋण मोठे आहे. तथापि लिहिणार विद्वान आणि वाचणार आपण, ही वाटणी कायम राहिली. चूक दिसली तर पत्र धाडावे आणि पुढच्या आवृत्तीची वाट पाहावी, एवढाच वाचकाचा अधिकार.

१ मे २००३ रोजी सुरू झालेल्या मराठी विकिपीडियाने ही वाटणी मोडली. तेथे कोणीही लिहितो. ‘मग विश्वास कसा ठेवायचा?’ असे शिक्षक विचारतात, आणि त्यांचा प्रश्न रास्त आहे. पण शाळेच्या उपयोगाचे जे आहे, ते याच प्रश्नात आहे. तेथे प्रत्येक पानाला इतिहास जोडलेला असतो; कोणता शब्द केव्हा घातला, केव्हा काढला, हे दिसते. वादासाठी चर्चेचे पान असते. आधार नसलेल्या वाक्यापुढे ‘संदर्भ हवा’ अशी खूण करता येते. केतकरांच्या कचेरीत बंद दाराआड जे चालत असेल, ते येथे मुलाला डोळ्यांनी पाहता येते.

आपल्या गावचेच उदाहरण घेऊ. खांडक्या बल्लाळशहा शिकारीस निघाला, झरपटीच्या पाण्याने त्याचे अंग बरे झाले, पुढे ससा कुत्र्याच्या मागे धावताना दिसला आणि त्या वाटेवर चंद्रपूरचा परकोट उभा राहिला, ही कथा आपण सर्वांनी आजीकडून ऐकली आहे. ती आज अनेक ठिकाणी छापलेली सापडते. वर्गाला सांगावे, मागे मागे जा. मुले १९०९ च्या चांदा जिल्हा गॅझेटियरपाशी पोहोचतील आणि तेथून मेजर ल्युसी स्मिथ या बंदोबस्त अधिकाऱ्याच्या १८६९ च्या अहवालापाशी. त्यानेही ती लोकांच्या तोंडूनच टिपली. म्हणजे छापील तोंडे अनेक, उगम एक. कथा खोटी म्हणून टाकून द्यावी, असे मी म्हणत नाही. ती कथा म्हणून जपावी. सनावळी म्हणून वापरू नये.

दुसरे उदाहरण बाबुराव शेडमाके यांचे. १८५८ साली त्यांना चांद्यात फाशी झाले. इंग्रज सरकारच्या लेखी ते बंडखोर. आपल्या लेखी हुतात्मे. घटना एकच, शब्द दोन. शब्द कोणाचा, हे ओळखता आले की मुलगा वर्तमानपत्रही निराळ्या नजरेने वाचू लागतो.

येथे एक अन्याय मात्र सांगितला पाहिजे. परक्या अधिकाऱ्याने लिहिले तो संदर्भ ठरतो. ज्या गोंड वृद्धांनी त्याला सांगितले असेल, त्यांची नावे कोठे आहेत? विकिपीडियाला प्रकाशित आधार लागतो, आणि गोंडी-माडियातले पुष्कळसे ज्ञान तर अजून तोंडीच आहे. ‘आधार दाखव’ एवढेच शिकवून थांबलो, तर ज्यांच्यापाशी छापखाना नव्हता त्यांना आपण पुन्हा एकदा गप्प करू.

यावर उपाय शाळेच्याच हाती आहे. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाने अभ्यासगट चालवून आधी समजून घेण्याची आणि मग ग्रामसभेत सर्वसहमतीने ठरवण्याची रीत घातली. २००९ साली त्याला सुमारे अठराशे हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्या रीतीने प्रत्येक शाळेने एक अभ्यासगट करावा. वृद्धांचे बोलणे त्यांच्या संमतीने, नाव, गाव, तारीख घालून टिपावे, दोघा-तिघांकडून पडताळावे आणि पुस्तिकेत छापावे. मग कोशात लिहावे, किंवा कोशातल्या चुकीपुढे ‘संदर्भ हवा’ म्हणावे. केतकरांनी ज्ञान मराठीत आणले. आता त्या ज्ञानाला ‘कशावरून?’ असे विचारणारी मुले आपल्याला घडवायची आहेत.