बोलक्या आगगाड्यांचा निवाडा

रोहे शहराला लागून, कुंडलिकेच्या खोऱ्यात वसलेल्या वरसे या गावाच्या इतिहासात एक गमतीचा कालव्यत्यास आहे, तो असा की मुंबई दूरदर्शन केंद्राचे प्रक्षेपण २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, आणि या गावाच्या हाकेच्या अंतरावर आगगाडीचे रूळ येऊन पोहोचले ते १९८६ साली. बोरीबंदराहून ठाण्याकडे पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी सुटली होती. त्याच मुंबईच्या दक्षिणेस, खाडीपलीकडच्या या मुलखाने मात्र पुढे सव्वाशेहून अधिक वर्षे गलबते, मचवे, लाँची आणि खड्ड्यांचे रस्ते यांवरच गुजराण केली. दिवा ते पनवेल हा मार्ग १९६४ साली झाला, १९६६ साली तो आपट्यापर्यंत गेला, आणि तेथून रोह्यापर्यंतचा पल्ला गाठावयास सरकारास आणखी वीस वर्षे लागली. पुढे १५ सप्टेंबर १९९० रोजी रोहे येथेच कोकण रेल्वेची कोनशिला बसली आणि २६ जानेवारी १९९८ रोजी तो सबंध मार्ग खुला झाला. तात्पर्य, लहान मुलांसाठी इंग्लंडात तयार झालेल्या बोलक्या आगगाड्यांच्या मालिकेचा पहिला भाग १९८४ साली तेथील पडद्यावर आला, तेव्हा वरशाच्या मुलांना आपल्या वेशीजवळ इंजिनाची शिटी अद्याप ऐकू आलेली नव्हती. अशा गावातून या मालिकेच्या भागांचा निवाडा करावयाचा म्हटले, तर तो नवख्या परंतु सावध पंचाचा निवाडा होईल, आणि तसा पंच मला अधिक विश्वासार्ह वाटतो.

यंत्रास माणसाचे नाव देण्याची चाल आपल्याकडे आयात करावी लागली नाही. ठाण्याच्या त्या पहिल्या गाडीस जोडलेल्या तीन इंजिनांची नावे साहिब, सिंध आणि सुलतान अशी सांगतात. त्याआधी १८५२ साली भायखळ्याच्या बाजूस बांधकामाच्या कामी आलेल्या इंजिनास गव्हर्नर लॉर्ड फॉकलंड यांचे नाव होते. कृष्णशास्त्री भाटवडेकरांनी लोखंडी सडकांच्या चमत्कारांवर १८५४ साली, म्हणजे पहिली गाडी धावून जेमतेम वर्ष उलटते तोच, मराठीत पुस्तक लिहिले. १ जून १९३० रोजी सुरू झालेल्या दख्खनच्या राणीचा वाढदिवस पुणेकर प्रवासी आजही केक कापून साजरा करतात, आणि त्या प्रसंगी कोणासही हसू येत नाही. एवढे असूनही आपल्या बालवाङ्मयातली गाडी सहसा बोलली नाही. गदिमांच्या सुप्रसिद्ध बालगीतातली आगगाडीसुद्धा मुलांना आजोळी नेण्याचे काम इमानाने करते. तिला स्वतःची कैफियत मांडावयाची नसते.

ती कैफियत ऐकणारा मनुष्य इंग्लंडातला एक पाद्री होता. विल्बर्ट ऑड्री यांचे बालपण विल्टशायरमधील बॉक्स या गावी, बोगद्याकडे चढत जाणाऱ्या लोहमार्गाजवळ गेले. रात्री मालगाडी चढाला लागली की पुढचे इंजिन धापा टाकी, मागून रेटणारे इंजिन त्यास उत्तर देई, आणि अंथरुणात पडलेल्या मुलास त्या दोन आवाजांत उघड संभाषण ऐकू येई. पुढे १९४२ साली स्वतःच्या मुलास गोवर आला असता त्याची करमणूक करण्यासाठी त्यांनी या गोष्टी रचल्या, १९४५ साली पहिले पुस्तक निघाले, आणि दुसऱ्याच वर्षी टॉमस नावाचे छोटे निळे इंजिन जन्मास आले; याच गोष्टींवरून पुढे ती मालिका निघाली. येथे मला रायगड जिल्ह्यातील कर्जतचे स्मरण झाल्यावाचून राहत नाही. बोरघाटाचा सदतिसास एक असा चढ चढताना पुण्याकडच्या गाड्यांना मागून रेटा देणारी इंजिने कर्जतेसच लावली जातात, आणि घाटात ते मागचे-पुढचे संभाषण १८६३ पासून चालू आहे. त्याच तालुक्यात नेरळहून माथेरानास जाणारी, आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने उभारलेली चिमुकली गाडी १९०७ पासून डोंगर चढत आहे. सामग्री आपल्याही दारात होती. कमतरता कान देणाऱ्याची होती, असे म्हणणे थोडे कठोर होईल, पण खोटे होणार नाही.

निवाड्याचा मुख्य मुद्दा ऑड्री यांनीच घालून दिला आहे. त्यांचा आग्रह असा की इंजिनास तोंड फुटले तरी त्याने रूळ सोडता कामा नये. ते रुसेल, बढाई मारील, भांडेल, परंतु सिग्नल, सांधे, वेळापत्रक आणि वरिष्ठांचा हुकूम यांच्या कक्षेबाहेर त्याचे पाऊल पडणार नाही, आणि गोष्टीतला प्रत्येक अपघात खऱ्या लोहमार्गावर घडू शकेल असाच असला पाहिजे. या कसोटीस उतरणारी सर्वोत्तम गोष्ट म्हणजे हिमवृष्टीत धावणाऱ्या मासळीच्या गाडीची. बर्फाच्या भाराने सिग्नलचा हात खाली पडतो, मार्ग मोकळा असल्याचा खोटा इशारा मिळतो, सांधे गोठलेले असतात, आणि हेन्री नावाचे इंजिन आडमार्गावर उभ्या असलेल्या मालगाडीवर जाऊन आदळते. इंग्लंडात ॲबट्स रिप्टन येथे २१ जानेवारी १८७६ रोजी बर्फाने सिग्नल अडकून असाच घोर अपघात झाला होता, आणि त्यानंतर सिग्नलची स्वाभाविक अवस्था ‘धोका’ हीच असावी असा दंडक रूढ झाला. गोष्टीतला अधिकारी पंचनामा करून हेन्रीस निर्दोष ठरवतो आणि त्यास दुरुस्तीसाठी कारखान्यात धाडतो. चुकलेला कोण आणि सापडलेला कोण, यातला भेद सात वर्षांच्या मुलास इतक्या थोड्या शब्दांत समजावणारी दुसरी बालकथा मला आठवत नाही.

उलट उदाहरणही हेन्रीचेच. मालिकेच्या तिसऱ्या पर्वातील एका भागात हे इंजिन आपल्या आवडत्या वनराईत मध्येच थबकून निसर्गशोभा पाहत उभे राहते. त्यावर खुद्द ऑड्री संतापले, कारण मध्येच उभ्या राहिलेल्या गाडीच्या रक्षणाचे नियम त्या प्रसंगात कोणासच आठवले नव्हते. आपल्याकडे अशी गाडी थांबली की गार्डाने मागे चालत जाऊन रुळावर पटाखे ठेवावयाचे असतात; ते काम चुकवणाऱ्यास सौंदर्यदृष्टीचे कारण सांगून सुटता येत नाही. ज्यास ही हरकत काटेकोरपणाचा अतिरेक वाटेल त्याने ४ मे २०१४ चा दिवस आठवावा. त्या रविवारी सकाळी दिवा–सावंतवाडी पॅसेंजर नागोठणे आणि रोहे यांच्या दरम्यान निडी येथे रुळावरून घसरली आणि अनेक प्रवासी प्राणास मुकले. या तालुक्यातील मुलांस ‘डबे घसरले’ ही केवळ पडद्यावरची गंमत राहिलेली नाही.

सादरीकरणाविषयी बोलावयाचे तर, पहिल्या पर्वांत खरीखुरी लहान प्रतिमाने रुळांवर चालत आणि एकच निवेदक सर्वांचे बोल बोलत असे. आरंभी हे काम बीटल्सपैकी रिंगो स्टार यांनी केले. एकटा कीर्तनकार जसा राजा, रंक आणि दासी उभी करतो तसाच हा प्रकार होता, आणि त्यात मुलाच्या कल्पनेस पुष्कळ जागा उरत असे. २००९ नंतर सर्वच चित्रे संगणकावर होऊ लागली आणि प्रत्येक इंजिनास स्वतंत्र आवाज मिळाला. आवाज वाढले, ऐकणे कमी झाले.

त्याच सुमारास कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या एका राज्यशास्त्रज्ञ विदुषीने तेवीस भाग तपासून असा निष्कर्ष काढला की त्यांतून श्रेणीबद्ध आज्ञापालनाचे गुणगान होते आणि एकोणपन्नास पात्रांपैकी अवघी आठ स्त्रीपात्रे आहेत. पहिल्या आक्षेपावर माझे उत्तर असे की लोहमार्गावर अवज्ञेस फार वाव देता येत नाही. दुसरा आक्षेप मात्र मला बिनशर्त मान्य आहे. साताऱ्याच्या सुरेखा यादव मध्य रेल्वेत १९८९ साली सहायक चालक म्हणून रुजू झाल्या, ८ मार्च २०११ रोजी त्यांनी दख्खनची राणी चालवली. वास्तव इतके पुढे गेले असता कथेने इतके मागे राहण्यास काहीच सबब नव्हती. २०१८ साली नवी स्त्रीपात्रे आणून ती चूक काही अंशी दुरुस्त झाली, आणि त्याच पर्वात टॉमस हिंदुस्थानातही आला. त्याच्या दोन वर्षे आधीच नीलगिरीच्या दंतचक्र मार्गावरील इंजिनांवर बेतलेली आशिमा नावाची देखणी नायिका मालिकेच्या चित्रपटात अवतरली होती. परंतु हिंदुस्थानातील भागांचे विषय पाहावेत तर हत्ती, वाघ आणि माकडांचा महाल! वास्तविक या परिसरातल्या कोलाडहून २६ जानेवारी १९९९ पासून मालट्रकच्या मालट्रक गाडीवर चढून गोव्याकडे जातात. बसगाड्या आणि इंजिने यांच्या वैराच्या कथा रंगवणाऱ्या या मालिकेस, रस्ता स्वतःच रुळावर स्वार होतो याहून अधिक नाट्य कोठे मिळणार होते?

२०२१ साली ही मालिका सपाट व्यंगचित्रांत नव्याने आली, आणि तीत इंजिने आनंदाच्या भरात रुळांवरून उड्या मारतात. तेव्हा निवाडा असा: मासळीच्या गाडीचा भाग मंजूर, हेन्रीची वनराई ऑड्री यांच्या हरकतीसह दप्तरी दाखल, हिंदुस्थानचे भाग आशिमेपुरते कायम करून बाकीचे फेरतपासणीस परत, आणि उड्या मारणारी इंजिने नामंजूर.