बाबा-महाराजांवर लैंगिक गैरवर्तनाचा आरोप झाला तर तक्रार कुठे आणि कशी करायची?

'महाराज असं करूच शकत नाहीत.' घरातल्या मुलीने तक्रार केली की अनेकदा पहिलं उत्तर हेच मिळतं. दुसरं उत्तर असतं, 'आश्रमातच मिटवू.' श्रद्धा ठेवायची की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न आहे. गुन्ह्याचा तपास मात्र पोलिसांचं काम आहे, आश्रमाच्या विश्वस्तांचं नाही.

आसाराम प्रकरणात काय झालं?

तक्रारदार मुलगी अल्पवयीन होती आणि आसारामच्याच गुरुकुलात शिकत होती. घरचेही अनुयायी होते. घटना जोधपूरजवळच्या आश्रमातली, पण ऑगस्ट 2013 मध्ये तक्रार दिल्लीत नोंदवली गेली आणि जोधपूरला पाठवली गेली. 25 एप्रिल 2018 रोजी जोधपूरच्या न्यायालयाने आसारामला जन्मठेप सुनावली. दुसऱ्या एका शिष्येच्या प्रकरणात 2023 मध्ये गांधीनगरच्या न्यायालयानेही जन्मठेप दिली.

मधल्या काळात साक्षीदारांवर हल्ले झाले, तिघांचा खून झाला. हल्ल्यातून वाचलेला एक साक्षीदार सर्वोच्च न्यायालयात गेला. त्या याचिकेवर 5 डिसेंबर 2018 रोजी देशभरासाठी साक्षीदार संरक्षण योजना लागू झाली. धमक्या येत असतील तर तिच्यासाठी जिल्हा पातळीवर अर्ज करता येतो.

तक्रार कुठे करायची?

कोणत्याही पोलीस ठाण्यात. आश्रम दुसऱ्या जिल्ह्यात किंवा राज्यात असला तरी छत्रपती संभाजीनगरमध्ये 'झिरो एफआयआर' नोंदवता येतो. बलात्कार किंवा विनयभंगाच्या तक्रारीत महिलेचा जबाब महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायचा असतो. पोलिसांनी दाद दिली नाही तर वरिष्ठांकडे लेखी तक्रार करता येते, त्यानंतर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. महिलांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.

कोणते कायदे लागू होतात?

- भारतीय न्याय संहिता: शिक्षकाने किंवा विश्वासाच्या, अधिकाराच्या स्थानावरील व्यक्तीने बलात्कार केल्यास किमान 10 वर्षं सक्तमजुरी.
- पोक्सो, 2012: पीडित व्यक्ती 18 वर्षांखालील असेल तर गुन्ह्याची माहिती असणाऱ्याने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संस्थेच्या प्रमुखाने कनिष्ठाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद.
- महाराष्ट्राचा जादूटोणाविरोधी कायदा, 2013: अलौकिक शक्तीने मूल होईल असं सांगून किंवा मागच्या जन्मीचं नातं सांगून केलेलं लैंगिक शोषण यात येतं. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं.
- कामाच्या ठिकाणी लैंगिक छळविरोधी कायदा, 2013: तो ट्रस्टलाही लागू आहे. मानधन न घेता सेवा करणाऱ्या महिलाही त्यात येतात. 10 किंवा अधिक कर्मचारी असतील तर अंतर्गत समिती हवीच. पण ही समिती पोलीस तक्रारीला पर्याय नाही.

घरच्यांनी आणि भक्तांनी काय करावं?

आधी ऐकून घ्या. पुन्हा पुन्हा उलटतपासणी करू नका. मेसेज, कॉल रेकॉर्डिंग, कपडे जपून ठेवा. वैद्यकीय तपासणी लवकर करा. सरकारी असो वा खासगी, बलात्कार पीडितेवर मोफत प्राथमिक उपचार करणं रुग्णालयाला बंधनकारक आहे. लैंगिक गुन्ह्यातल्या पीडितेचं नाव, फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका, तो गुन्हा आहे.

आरोप झाला म्हणजे गुन्हा सिद्ध झाला असं नाही, ते न्यायालय ठरवेल. पण तोपर्यंत तक्रारदारावर माघारीचा दबाव आणणं म्हणजे गुरुभक्ती नव्हे. वाट चुकलेल्या गुरूचा त्याग करावा, असं महाभारतात भीष्मही परशुरामांना सुनावतात.

तातडीच्या मदतीसाठी: पोलीस 112, महिला हेल्पलाइन 181, चाइल्डलाइन 1098.